परदेशातला वेगाचा दंड, इथला परवाना आणि इथला विमा : एक खुले पत्र

प्रति,
आंतरराष्ट्रीय वाहन परवाने देणारे परिवहन अधिकारी, मोटार विम्याचे नियमन करणारे अधिकारी आणि सर्वसाधारण विमा कंपन्यांचे व्यवस्थापन यांस,

महोदय, महोदया,

मी नाशिकमध्ये मोटार विम्याची सल्लागार म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत निफाड-दिंडोरीचे द्राक्ष बागायतदार आहेत, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले अभियंते आहेत आणि ज्यांची मुले कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, जर्मनी किंवा दुबईत स्थिरावली आहेत असे इंदिरानगर-गंगापूर रोडचे निवृत्त आईवडीलही आहेत. ही मंडळी परदेशी जातात, तिथे भाड्याची किंवा मुलाची गाडी चालवतात आणि त्यासाठी लागणारा आंतरराष्ट्रीय परवाना, ज्याला सगळे आयडीपी म्हणतात, एक हजार रुपये शुल्क भरून आपल्याच कार्यालयांतून घेतात. परत आल्यावर काही महिन्यांनी त्यांच्यापैकी एखाद्याच्या घरी परक्या भाषेतले पाकीट येते आणि ते घेऊन तो माझ्याकडे येतो. त्याचे प्रश्न दोनच असतात. माझे इथले लायसन्स जाईल का, आणि माझ्या गाडीचा विमा महागेल का? या दोन प्रश्नांचे सहीशिक्क्याचे उत्तर आपल्यापैकी कोणीही त्याच्या हाती दिलेले नसते. ते न दिल्याने काय काय घडते, ते सर्वांना वाचता यावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

निमित्त झाले ते निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष निर्यातदाराचे. बर्लिनला साधारणपणे फेब्रुवारीत फळांच्या व्यापाराचे मोठे प्रदर्शन भरते. आपल्याकडे त्या वेळी बागा ऐन तोडणीत असतात, तरीही जिल्ह्यातून माणसे तिथे जातात, कारण युरोपातले गिऱ्हाईक तिथेच भेटते. हे गृहस्थ प्रदर्शन आटोपून भाड्याच्या गाडीने रॉटरडॅमला निघाले. जर्मनीच्या ऑटोबानवर वेगाला मर्यादाच नसते असा आपल्याकडे पक्का समज आहे. प्रत्यक्षात जिथे मर्यादा नाही तिथेही ताशी १३० किलोमीटरची शिफारस असते, आणि रस्त्याचे काम चालू असेल अशा पट्ट्यात ८० किंवा त्याहूनही कमी मर्यादेची पाटी लावलेली असते. अशाच एका पट्ट्यात कॅमेऱ्याने त्यांना टिपले.

त्यांच्याकडे आलेल्या जर्मन कागदात वेगाचा हिशेब ओळीने मांडलेला होता. यंत्राने मोजलेला वेग १०७, यंत्राच्या संभाव्य चुकीपोटी वजा ४, म्हणून ग्राह्य वेग १०३, मर्यादा ८०, जास्तीचा वेग २३. त्याखाली दंड १०० युरो, कार्यवाहीचे शुल्क २५ युरो, टपालखर्च ३.५० युरो, एकूण १२८.५० युरो आणि फ्लेन्सबर्ग येथील केंद्रीय नोंदवहीत नियमभंगाचा एक गुण. सोबत पुढच्या काचेतून टिपलेला त्यांचा चेहरा, इतका स्पष्ट की वाद घालायला जागाच नव्हती. (दंडाचा इतका स्वच्छ हिशेब आपल्याकडच्या चलनावरही यावा, असे ओघात सुचवून ठेवते.) त्यांनी दंड भरला आणि ते योग्यच झाले.

खरा त्रास पुढे, त्यांच्या इथल्या गाडीच्या विम्याचे नूतनीकरण करताना सुरू झाला. कंपनीच्या दूरध्वनी सेवेवरील कर्मचाऱ्याने पडद्यावरचा प्रश्न वाचून विचारले, ‘गेल्या तीन वर्षांत वाहतूक नियमभंगाबद्दल दंड झाला आहे का?’ या सरळ माणसाने जर्मनीची हकिगत सांगितली. नंतर आलेल्या दरपत्रकात त्यांचा पन्नास टक्क्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर आणलेला होता, आणि कारणाचा रकाना कोरा होता. वर्षानुवर्षे एकही दावा न केलेल्या माणसाचा बोनस कोणत्या नियमाने काढला, असे मी कंपनीला लेखी विचारले. उत्तर एका ओळीचे आले : कृपया पॉलिसीच्या अटी व शर्ती पाहाव्यात. त्या अटींत असा नियम नाहीच, आणि कलमाचा क्रमांक कळवा असा आग्रह धरल्यावर बोनस गुपचूप पूर्ववत झाला. चूक झाली असे कोणी लिहून दिले नाही. ज्याच्या बाजूने भांडणारे कोणी नसेल तो ग्राहक अशा वेळी वाढीव हप्ता मुकाट्याने भरून मोकळा होतो.

आता कायदा आणि नियम काय सांगतात ते पाहू. आपल्याकडे मोटार विमा चालकाच्या नावावर नसून वाहनाच्या नावावर असतो. तृतीय पक्ष विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता केंद्र सरकार विमा नियामकाशी विचारविनिमय करून ठरवते. १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीसाठी जून २०२२ मध्ये तो ३,४१६ रुपये ठरला, आणि ती मोटार चालवणारा माणूस शांत आहे की भरधाव, यावर त्यात एका रुपयाचाही फरक पडत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो त्यावर नो क्लेम बोनस मिळतो, आणि तो पहिल्या दावामुक्त वर्षानंतर २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशा पायऱ्यांनी चढतो. या पायऱ्यांवरून खाली उतरवतो तो दावा, किंवा पॉलिसीचे नूतनीकरण मुदतीत न करणे. नाशिक-पुणे रस्त्यावरचे वेगाचे चलन असो वा जर्मनीचा दंड, दोन्हींचा या पायऱ्यांशी संबंध नाही. परवान्याच्या बाबतीत मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम १५० विमा कंपनीला बचाव देते तो इतकाच, की चालकाकडे परवानाच नव्हता किंवा त्याला परवाना धारण करण्यास अपात्र ठरवलेले होते. अपात्र ठरवण्याचा अधिकार इथल्या परवाना प्राधिकाऱ्याला आणि न्यायालयाला आहे. दुसऱ्या देशाने त्याच्या हद्दीपुरती घातलेली बंदी म्हणजे ही अपात्रता होत नाही.

हे सगळे माझ्यासारख्या सल्लागाराला सांगता येते. परंतु माझ्या सांगण्याला किंमत किती? ग्राहकाला हवा असतो तो आपला शब्द, आणि आपण तो देत नाही. माझ्या तक्रारी पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली तक्रार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अधिसूचना काढून देशभरच्या आयडीपीचा नमुना, आकार आणि रंग एकसारखा केला, मूळ परवान्याशी जोडणारा क्यूआर कोड त्यावर आणला आणि मदतीसाठी दूरध्वनी क्रमांकही दिले. काम चांगले झाले. मात्र हा परवाना ज्या १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिला जातो, त्याच कराराच्या २४ व्या अनुच्छेदात एक महत्त्वाची तरतूद आहे आणि ती परवाना घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. करारातील एखाद्या देशाच्या कायद्यानुसार परवाना काढून घेण्याइतका गंभीर गुन्हा चालकाने तिथे केला, तर तो देश त्याचा परवाना वापरण्याचा हक्क काढून घेऊ शकतो. बंदीची मुदत संपेपर्यंत किंवा चालक देश सोडेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, परवाना स्वतःकडे ठेवू शकतो. त्यावर तशी नोंद करू शकतो आणि चालकाचे नाव-पत्ता परवाना देणाऱ्या कार्यालयाला कळवू शकतो.

या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबावे, अशी विनंती आहे. परदेशातून असे पत्र नाशिकच्या, पुण्याच्या किंवा नागपूरच्या कार्यालयात आले, तर पुढे काय होणार? ते परवानाधारकाच्या फाइलला लागणार का? त्याला कळवले जाणार का, त्याचे म्हणणे ऐकले जाणार का? पुढच्या वेळी त्याने आयडीपी मागितला तर ही नोंद आडवी येणार का? आणि मूळ भारतीय परवान्यावर तिचा काही परिणाम होतो की नाही? करार कळवण्याची मुभा देतो; कळल्यानंतर काय करायचे ते त्याने आपल्यावर सोडले आहे, आणि आपण अर्जदाराला त्याबद्दल चकार शब्द सांगत नाही. तेवीस किलोमीटर जास्त वेगाचा दंड आणि महिनाभर गाडी चालवण्यास बंदी यांतला फरकही सामान्य माणसाला त्यामुळे समजत नाही, आणि नुसता दंड झालेला माणूस उगाच घाबरून बसतो. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेने मुलाकडे ब्रिटनला असताना लागलेल्या एका वेगाच्या दंडानंतर इथली स्कूटरसुद्धा चालवणे सोडून दिले होते, कारण कोणीतरी त्यांना सांगितले होते की आता तुमचे लायसन्स रद्द आहे.

दुसरी तक्रार विमा क्षेत्राकडे आहे, आणि ती मला अधिक टोचते, कारण मी त्याच क्षेत्रात काम करते. आपल्या मोटार टॅरिफच्या २७ व्या सर्वसाधारण नियमानुसार परदेशात दावा न करता मिळवलेला बोनस भारतात नवी पॉलिसी घेताना मिळू शकतो. अट इतकीच, की परदेशातली पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथली पॉलिसी घेतलेली असावी. म्हणजे परदेशातली चांगली वर्तणूक इथे मोजायची कशी, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यासाठी नियम आहे, मुदत आहे आणि कागदपत्रेही ठरलेली आहेत. परदेशातल्या दंडाबाबत मात्र नियम नाही, आणि नियम नसताना प्रश्न विचारले जातात, उत्तरे नोंदवली जातात, दरपत्रके बदलतात. ज्या प्रश्नाचा हप्त्याशी संबंध नाही तो प्रश्न विचारावाच का? आणि विचारायचाच असेल, तर उत्तराचा उपयोग कशासाठी होणार हे त्याच श्वासात सांगितले पाहिजे. पूर्ण सद्भावाचे तत्त्व, म्हणजे विम्याच्या करारात महत्त्वाचे काहीही न लपवण्याचे बंधन, विमाधारकाला बांधते तसे ते कंपनीलाही बांधते.

भविष्याची काळजी याहून मोठी आहे. जानेवारी २०२१ मध्ये विमा नियामकाच्या कार्यगटाने ‘वाहतूक उल्लंघन हप्ता’ असा मोटार विम्याचा नवा भाग सुचवला होता. दारू पिऊन गाडी चालवण्याला १०० गुण, चुकीच्या जागी गाडी उभी करण्याला १० गुण, अशी गुणांची उतरंड त्यात होती आणि सुरुवात दिल्लीत प्रायोगिक तत्त्वावर करावी अशी शिफारस होती. बेदरकार चालकाने जास्त हप्ता भरावा, या विचाराला माझा मुळीच विरोध नाही. उलट सिन्नर घाटात रोज जीव मुठीत धरून गाडी चालवणाऱ्या कोणालाही तो पटेल. पण तशी पद्धत येणार असेल, तर परदेशातले उल्लंघन त्यात मोजायचे की नाही, हे आधीच ठरवावे लागेल. त्याची नोंद कोण पुरवणार? जर्मनीचा एक गुण आपल्याकडचे किती गुण? ब्रिटनमध्ये साध्या वेगाच्या गुन्ह्याला १०० पौंड दंड आणि ३ गुण मिळतात आणि तीन वर्षांत १२ गुण झाले की परवाना जातो. जर्मनीत तो ८ गुणांवर जातो. दोन देशांची गुणांची मापे इतकी वेगळी असताना विमा कंपनीने आपापल्या अंदाजाने भाषांतर करायचे ठरवले, तर प्रत्येक ग्राहकाला वेगळा न्याय मिळेल.

तिसरी तक्रार लहान आहे, पण सर्वाधिक लोकांना भोवणारी आहे. भाड्याच्या गाडीचा नियमभंग कॅमेऱ्यात आला की तिथली यंत्रणा प्रथम गाडीच्या मालकाला, म्हणजे भाड्याने देणाऱ्या कंपनीला विचारते. कंपनी गाडी भाड्याने घेणाऱ्याचे नाव-पत्ता देते आणि या माहितीबद्दल त्याच्या क्रेडिट कार्डवरून काही रक्कम कापून घेते. ही रक्कम म्हणजे दंड नव्हे, ते कंपनीचे कारकुनी शुल्क असते. दंडाचा कागद नंतर वेगळा येतो. वर सांगितलेल्या निर्यातदारांनाही कार्डवरून पैसे गेल्यावर विषय संपला असेच वाटले होते, आणि कार्डचा हिशेब पाहणाऱ्या कोणालाही तसेच वाटेल. जर्मनीत दंडाचा आदेश हाती पडल्यापासून दोन आठवड्यांत हरकत घ्यावी लागते. नाशिकमध्ये जर्मन वाचणारा माणूस शोधण्यातच ते दोन आठवडे जातात. इटलीत परदेशी राहणाऱ्या माणसाला नोटीस बजावायला तिथल्या यंत्रणेला ३६० दिवसांची मुदत असते, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात येणारा कागद गेल्या उन्हाळ्याचा असू शकतो. आपल्याकडे ऑगस्ट २०२१ पासून कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवण्याचा नियम आहे, त्यामुळे माणसे त्याच हिशेबाने निर्धास्त होतात. ही माहिती आयडीपीसोबत अर्ध्या पानावर मावेल. प्रवास विम्यातून असा दंड भरून मिळत नाही, हे एक वाक्यही त्यातच घालता येईल.

चौथी तक्रार जे परत येत नाहीत, तिकडेच राहतात त्यांच्याबद्दल आहे. माझी मुलगी कॅनडात ओंटारिओ प्रांतात नोकरीला गेली, तेव्हा हा भाग मी घरातच अनुभवला. तिथे दंड नेमका कुठे जाऊन बसतो, हे इथल्या पालकांना माहीत असावे म्हणून थोडे सविस्तर लिहिते. ओंटारिओत वेगाबद्दल दोषी ठरल्याची नोंद विमा कंपनी हप्ता ठरवताना पाहते. कॅनडाच्या इतर प्रांतांत आणि अमेरिकेच्या न्यूयॉर्क व मिशिगन राज्यांत झालेल्या गुन्ह्यांचे गुणही ओंटारिओच्या परवान्यावर चढतात. अमेरिकेत बहुतेक राज्ये चालकांच्या नोंदींच्या देवाणघेवाणीच्या करारात आहेत, त्यामुळे एका राज्यातला दंड दुसऱ्या राज्यातल्या परवान्यापर्यंत पोहोचतो, आणि दंडाच्या कागदाला वेळेत उत्तर दिले नाही तर त्या राज्यात गाडी चालवण्याची मुभाच निलंबित होऊ शकते. ब्रिटनमध्ये भारतीय परवान्यावर एक वर्ष गाडी चालवता येते; त्या काळात वेगाचा दंड झाला तर गुण चालकाच्या नावाने उघडलेल्या नोंदीत जमा होतात, आणि विमा कंपन्या सहसा मागच्या पाच वर्षांतले गुन्हे विचारतात. म्हणजे तिकडे राहणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत परदेशातल्या दंडाचा विम्यावर परिणाम होतो, आणि चांगलाच होतो. भारत मात्र अशा कोणत्याही देवाणघेवाणीत नाही. इथली चलने तिकडे आपोआप जात नाहीत आणि तिकडचे गुण इथे येत नाहीत.

या तुटलेल्या दुव्याचा सर्वाधिक तोटा नीट गाडी चालवणाऱ्यालाच होतो. माझ्या मुलीने नाशिकमध्ये अनेक वर्षे एकही अपघात न करता गाडी चालवली होती. ओंटारिओत परदेशातला पूर्ण अनुभव मोजून घ्यायचा तर परवाना देणाऱ्या कार्यालयाचे किंवा वकिलातीचे अधिकृत पत्र लागते, आणि तिथल्या विमा कंपनीला सवलत मागायची तर इथल्या विमा कंपनीचे, इतकी वर्षे विमा होता व एकही दावा नव्हता, असे इंग्रजीतले पत्र लागते. परवान्याचा उतारा परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावरून मागता येतो; त्यातून परवाना कधीचा आणि कोणत्या वर्गाचा ते कळते, पण दाव्यांचा इतिहास त्यात असण्याचे कारणच नाही. विमा कंपनीकडे आम्ही मागितले तेव्हा मागच्या नूतनीकरणाच्या नोटिशीची प्रत मिळाली, पत्र मिळाले नाही. नाव, पॉलिसी क्रमांक, कालावधी, दावे शून्य, सही, शिक्का : इतक्या चार ओळींच्या अभावी तिला तिथे नवशिक्या चालकाचा हप्ता भरावा लागला. गाडी विकून परदेशी जाणाऱ्याला बोनस तीन वर्षे राखून ठेवल्याचे पत्र मिळण्याची तरतूद आपल्याकडे आहे. ते पत्रही मागणाऱ्यालाच मिळते, आणि मागायचे असते हे फार थोड्यांना ठाऊक असते.

इथे एक आक्षेप अपेक्षित आहे. दंड टाळायचा तर वेग पाळावा, एवढा सोपा मार्ग असताना हे पत्र कशासाठी? वेग पाळावा हे मला मान्य आहे, आणि दंड झालेल्या प्रत्येकाला मी तो भरायलाच सांगते. उलट ‘तिकडचा दंड इथे कोण वसूल करतो’ असा सल्ला देणारी माणसे आपल्या शहरात कमी नाहीत, आणि आपल्या मौनामुळे त्यांचेच फावते. त्यांच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ४४अ ठराविक देशांच्या न्यायालयांचे हुकूमनामे इथे बजावण्याची सोय करते, पण दंड आणि शास्तीच्या रकमा त्यातून वगळते. उरलेले अर्धे सत्य ही माणसे सांगत नाहीत. न भरलेला दंड त्या देशात वाढत जातो, पुढच्या प्रवासात समोर येऊ शकतो, आणि ब्रिटनच्या व्हिसा अर्जात तर वाहन चालवण्याच्या गुन्ह्याबद्दल कोणत्याही देशात शिक्षा झाली आहे का, असा थेट प्रश्न असतो. मुलाच्या पदवीदान समारंभाला जायचा व्हिसा शंभर युरोंपायी धोक्यात घालणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. हे लोकांना आपण सांगितले पाहिजे. पंचवटीच्या टपरीवर बसलेल्या एजंटाने सांगेपर्यंत थांबू नये.

माझ्या मागण्या अशा आहेत.

एक, प्रत्येक आयडीपीसोबत मराठी आणि इंग्रजीत एक पानी माहितीपत्र द्यावे. परदेशात दंड झाल्यास त्याचा भारतीय परवान्यावर परिणाम होतो की नाही, जिनिव्हा करारानुसार परवाना वापरण्याचा हक्क काढून घेतला गेल्यास काय होते, भाडे कंपनीचे शुल्क आणि दंड यांत फरक काय, आणि नोटिशीला उत्तर देण्याच्या मुदती किती कमी असतात, एवढे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे.

दोन, परदेशातून एखाद्या परवानाधारकाबद्दल पत्र आल्यास कार्यालयाने पाळायची कार्यपद्धती प्रसिद्ध करावी, आणि त्या पत्राची प्रत देऊन व म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय परवान्याच्या नोंदीत काहीही लिहू नये.

तीन, विमा नियामकाने परिपत्रक काढून स्पष्ट करावे की वाहतूक दंड, मग तो देशातला असो वा परदेशातला, नो क्लेम बोनस कमी करण्याचे कारण ठरत नाही. आणि ज्या प्रश्नाच्या उत्तराचा हप्त्याशी किंवा दाव्याशी संबंध नाही, तो प्रश्न नूतनीकरणाच्या वेळी कंपन्यांनी विचारू नये. ज्या ग्राहकांचा बोनस अशा कारणाने कमी झाला असेल, त्यांना फरकाची रक्कम परत मिळावी. वाहतूक उल्लंघनाशी जोडलेला हप्ता भविष्यात आणायचा झाला, तर परदेशी नोंदींबाबतचा निर्णय त्या मसुद्यातच असावा आणि त्यावर लोकांच्या हरकती मागवाव्यात.

चार, विमाकाळ आणि दाव्यांचा इतिहास सांगणारे इंग्रजी पत्र ग्राहकाने मागितल्यापासून ठरलेल्या मुदतीत, विनाशुल्क, सहीशिक्क्यासह देण्याचे बंधन सर्व कंपन्यांवर घालावे. परवान्याच्या उताऱ्यावर परदेशी कार्यालयाला खातरजमा करता येईल अशी सोय असावी. आयडीपीवर क्यूआर कोड आणता आला, तर इथे अडचण नसावी.

या मागण्यांपैकी एकीसाठीही नवा कायदा करावा लागत नाही, आणि खर्च म्हणाल तर छपाईचा. आपले उत्तर संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध करावे, ही विनंती; मला वेगळे पत्र पाठवले नाही तरी चालेल.

आपली,
एक मोटार विमा सल्लागार
नाशिक